फिकट शाईतलं पाणगवत

त्या रविवारी आमच्या छापखान्यात एका लग्नाच्या निमंत्रणपत्रिका चालू होत्या. मुलीकडचे लोक तलावाच्या पलीकडचे, शिंपले काढणारे. मुलीच्या वडिलांनी येऊन बाबांना सांगितलं होतं, "माझ्या लग्नाची पत्रिका तुमच्या अक्षरातली होती, नोत्सुसान. हिची कॉम्प्युटरवर केली तर बायको मला घरात घेणार नाही." म्हणून बाबांनी नाकावर एकावर एक दोन चष्मे चढवून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. मी ओसाकाहून आलेच होते, तर यंत्राचा दांडा माझ्याकडे आला होता.

आई दाराजवळच्या उजेडात बसून पत्रिकांना घड्या घालत होती. मध्येच उठून तिने चहा घुसळून आणला, हिरवा, दाट, आणि सोबत काल उरलेली गोड वडी. आमच्या मात्सुए गावात या चहाला पाहुणा लागत नाही की निमित्त लागत नाही.

"हाच्चान, घड्या घालायच्या आहेत, वाचायच्या नाहीत," बाबा म्हणाले. आईचं नाव हात्सुए. हाच्चान हे तिचं लहानपणचं, तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने ठेवलेलं. बाबा चिडवायचं असलं की तेच काढायचे.

"वाचत नाहीये. माझंच अक्षर बघतेय. मी म्हातारी झाले आणि हे मेलं अजून तसंच."

"शिसं आहे ते. गुडघे दुखतात म्हणून रात्रभर कण्हत नाही."

"तुम्ही जागे असता रात्रभर? मग घोरतं कोण?"

आईने एक पत्रिका माझ्यापुढे धरली. "कसं आलंय गं, सावाको?"

मी ती उजेडाला धरली, उलटी करून ठशाची खोली पाहिली, परत सुलटी केली.

"वाचता येतं," मी म्हणाले.

दोघंही हसले. हे आमचं जुनं होतं, मी शाळेत जायला लागल्यापासूनचं. आई कुंचल्याने काही लिहायची, शेजारच्या वडीवाल्याच्या किमतींच्या पाट्या, कुणाच्या आहेराच्या लिफाफ्यावरचं नाव, आणि शेवटचा फटकारा झाला तरी कुंचला उचलायची नाही. तो तसाच कागदावर टेकवून मान वळवायची. "कसं आलंय?" मी गंभीरपणे म्हणायची, "वाचता येतं." मग ती कुंचला उचलायची. पुढे मी मुद्रितशोधक झाले तेव्हा बाबा म्हणाले होते, या पोरीला पगार मिळेल असा एकच धंदा जगात होता आणि तिने तो बरोबर शोधला.

संध्याकाळी आई मला कालव्यावरच्या पुलापर्यंत सोडायला आली. अंगावर शाईचे डाग पडलेला एप्रन तसाच. "पुढच्या महिन्यात ये. खेकडे यायला लागतील," ती म्हणाली. बस वळली तेव्हा ती पुलाच्या कठड्यावरून खाली पाण्यात बघत होती.

मंगळवारी सकाळी, शिंपल्यांचं सूप चुलीवर उकळत असताना, ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

आमच्या छापखान्यात एक टाइप, म्हणजे एका वळणाच्या खिळ्यांचा संच होता, जो दुसऱ्या कुठल्याच छापखान्यात नव्हता. बाबांनी त्याचं नाव पाणगवत ठेवलं होतं. मागच्या कालव्यात जे लांब गवत असतं, पाणी वाहो न वाहो एका अंगाला कललेलं, त्यावरून. अक्षरं वरून खाली उतरायची, जाड सुरू होऊन केसाएवढी बारीक व्हायची आणि तुटायच्या आत पुढच्या अक्षराला धरायची. शिशात असं वळण बसवणं सोपं नसतं. प्रत्येक खिळा चौकोनी, आणि अक्षराला तर चौकटीबाहेर जायचं असतं. म्हणून दोन-दोन, तीन-तीन अक्षरं जोडून एकाच खिळ्यावर ओतलेली होती. जोड कुठे आहे ते जुळाऱ्याला कळायचं, वाचणाऱ्याला नाही.

मूळ अक्षरं आईने लिहिली होती. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मी तिच्या पोटात होते. पोट आडवं यायला लागल्यावर ती मेजापासून लांब बसून, हात ताणून लिहायची. शेपट्या इतक्या लांब येतात त्या त्यामुळे, असं ती सांगायची. ओसाकाच्या एका ओतारी मित्राने त्यावरून मातृका, म्हणजे खिळे ओतायचे साचे, कोरून दिल्या. त्यानंतर या गावातली किती लग्नं, किती बारशी, किती दुखवटे त्या अक्षरातून गेले. वड्यांच्या पुड्यांवर ते होतं, सोबा शेवयांच्या दुकानातल्या जेवायच्या काड्यांच्या पाकिटांवर होतं. एकदा नगरपालिकेने पाणीकपातीची सूचना त्यात छापून मागितली तर बाबांनी नकार दिला. म्हणाले, पाणी बंद असं इतक्या गोड अक्षरात लिहिलं तर लोकांनी भांडायचं कुणाशी?

नोव्हेंबर संपत आला तेव्हा मी रजा घेऊन आले. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला त्या घराने डिसेंबर लागताच सगळ्यांना कार्ड पाठवायचं असतं, आम्ही दुखवट्यात आहोत, नववर्षाच्या शुभेच्छा पाठवू शकत नाही. दर वर्षी या दिवसांत आमच्याकडे गावभरच्या दुखवट्यांची रीघ लागायची. या वर्षी दारावर बंदची पाटी होती आणि आत एकच काम होतं.

"पाणगवतात करू," बाबा म्हणाले.

"लोकांना विचित्र वाटेल, बाबा. तिचं अक्षर सगळे ओळखतात."

"म्हणूनच. तिचं जाणं दुसऱ्या कुणाच्या अक्षरात कळवायचं?"

त्यांची नजर आता बारीक खिळ्यांना पुरत नव्हती. मी डाव्या हातात जुळणीची छोटी पेटी धरली आणि खिळ्यांच्या खणाखणांच्या केसमधून एकेक खिळा उचलत गेले. मजकूर चार ओळींचा. पत्नी हात्सुए ऑक्टोबर महिन्यात निवर्तली. वर्षभर आपण दिलेल्या स्नेहाबद्दल आभार. बाबांनी शाई कालवली. दुखवट्याची शाई फिकट करायची असते. शाई घोटताना दगडावर आसवं पडली आणि ती पातळ झाली, असं जुने लोक सांगतात. आणखी एक नियम असतो. लग्नाच्या आणि दुखवट्याच्या कागदावर विरामचिन्ह घालत नाहीत, टिंबसुद्धा नाही. टिंब म्हणजे संपलं.

मी जुळलेल्या खिळ्यांची चौकट, म्हणजे फर्मा आवळला, शाईचा रूळ फिरवला, दांडा ओढला आणि पहिलं मुद्रित, तपासायची प्रत, काढलं.

शेवटच्या अक्षराच्या खाली, खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका होता.

"कचरा," बाबा म्हणाले.

मी रॉकेलच्या फडक्याने फर्मा पुसला, कोरडा केला, दुसरं मुद्रित काढलं. ठिपका होता. मोहरीएवढा.

मी भिंग लावून फर्मा पाहिला. शेवटच्या अक्षराखाली फक्त कोरी शिशाची पट्टी होती, खिळ्यांपेक्षा कितीतरी बुटकी. तिला रूळ लागत नाही, कागद लागत नाही. तरी मी ती काढून दुसरी घातली.

आता मी काय केलं ते सांगायला हवं, कारण ते आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला माहीत नसतं. दोन मुद्रितं ताडून बघायची असली की आम्ही ती शब्दाशब्दाने वाचत नाही. एकावर एक बरोबर जुळवून ठेवायची, वरचं पान चिमटीत धरून भराभर वरखाली करायचं, आणि नजर एका जागी ठेवायची. जे सारखं आहे ते स्थिर दिसतं. जिथे फरक आहे तिथे काहीतरी हललेलं दिसतं. हजारो पानं मी अशी पाहिली आहेत. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी डोळ्याला टोचतो.

मला ठिपका तेवढा हललेला दिसायला हवा होता. सगळं पान हललं.

मी थांबले. चष्मा पुसला. परत केलं. चारही ओळी वरपासून खालपर्यंत हलल्या, वाऱ्याने नाही, प्रवाहाने हलावं तशा.

ऑक्टोबरची लग्नपत्रिका भिंतीला टोचलेली होती. ती काढून शेजारी ठेवली. दोन्हींत काही शब्द सारखे होते, तेच खिळे, कदाचित त्याच केसमधले. पत्रिकेतल्या शेपट्या लांब होत्या. या मुद्रितात आखूड होत्या.

"शाई पातळ आहे, म्हणून टोकं उमटत नाहीत," बाबा म्हणाले.

"झिजलेला खिळा जाड उमटतो, बाबा. पातळ शाई तुटक उमटते. हे आखूड आहे. पूर्ण आहे आणि आखूड आहे."

"मग कागद बदल. तू ओसाकात शिकलीस ते सगळं एकदमच सांगू नकोस."

मी कागद बदलला. फर्मा पुसला. तिसरं मुद्रित काढून त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी एक चष्मा काढला. मग दुसराही काढून कागद अगदी नाकाजवळ नेला.

"हे लग्नाच्या आधीचं आहे," ते म्हणाले.

"काय?"

"ती पुलापलीकडच्या कागदाच्या दुकानात लिफाफ्यांवर नावं घालून द्यायची. मी रोज जायचो, लिफाफे घ्यायला. मालक विचारायचा, नोत्सु, कुणाकुणाला आहेर करतोस रे? खोली लिफाफ्यांनी भरली होती. पाठवणार कुणाला?" त्यांचं बोट एका ओळीवरून हळूहळू खाली उतरलं. "ही मुरड बघ. कशी घाईत आहे. पुढे सोडून दिली तिने ही."

"बाबा, फर्मा तोच आहे. मी भिंगाने बघितलाय. शिशात काहीही बदललेलं नाही."

"मी कुठे म्हणतोय बदललंय?"

"मग हे काय आहे?"

"हे तिचं आहे," बाबा म्हणाले.

ते कागद घेऊन उठले. आतल्या खोलीच्या दाराशी थांबले.

"आणखी काढू नकोस, सावाको. याच्याही आधीची ती मी पाहिलेली नाही."

आत कोतात्सूची, शेगडी लावलेल्या बुटक्या मेजाची, रजई सरकल्याचा आवाज आला.

मी तिथेच उभी राहिले. पाणगवताची अक्षरं आईने मी पोटात असताना लिहिली होती. बाबांच्या हातातलं अक्षर त्याहून जुनं होतं, म्हणजे खिळ्याहून जुनं, मातृकेहून जुनं. त्या हातानं अजून माझं नाव लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक मुद्रितासरशी ती मागे जात होती, आणि तिला मागे ढकलणारा दांडा मी ओढत होते. एवढं मला त्या वेळीही कळलं होतं. मी तिथे थांबायला हवं होतं.

पण ठिपका होता. तिसऱ्या मुद्रितावर तो आता वाटाण्याएवढा झाला असणार, नक्की माहीत नव्हतं, कारण कागद बाबा घेऊन गेले होते. आईच्या दुखवट्याच्या कार्डावर टिंब. चूक दिसल्यावर ती तशीच ठेवून पान पुढे सरकवणं मला आजवर जमलेलं नाही. आमच्याकडे सगळं झाल्यावरही एक शेवटचं मुद्रित काढतात, केवळ मनाच्या खात्रीसाठी. मी स्वतःला सांगितलं, एकच.

फर्मा सोडवला. शेवटची ओळ उपसून खिळे एकेक करून धुतले, पुसले, परत लावले. दांडा ओढला.

अक्षर सरळ होतं. शाळेतल्या मुलीचं, नियमाने लिहिलेलं, प्रत्येक फटकाऱ्याच्या सुरुवातीला जरासं थबकलेलं. कुठेही घाई नव्हती. पुढे रोज लिफाफे घ्यायला येणारा मुलगा अजून पुलावरून आलेला नव्हता.

ठिपका वाटाण्याएवढाच होता. मी परत पुसलं.

त्यानंतरचं मुद्रित मी यंत्रातून काढलं आणि लगेच पालथं ठेवलं. थोड्या वेळाने सुलटं केलं.

अक्षरं सुटी झाली होती. मघाशी सांगितलं, पाणगवतात दोन-दोन, तीन-तीन अक्षरं एकाच खिळ्यावर जोडून ओतलेली आहेत. ती सुटी करायची तर करवतीने शिसं कापावं लागेल. कागदावर मात्र प्रत्येक अक्षर एकेकटं उभं होतं, मोठं, थोडं वाकडं, शेजारच्याला न धरता. जिने ती लिहिली तिला जोडायला अजून कुणी शिकवलं नव्हतं. पत्नी हात्सुए ऑक्टोबर महिन्यात निवर्तली, असं एका लहान मुलीने जीभ दाताखाली धरून लिहावं तसं लिहिलेलं होतं.

यापुढचं मुद्रित कोरं येईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी दांड्यावरचा हात काढला. फर्मा तसाच ठेवून यंत्रावर कापड टाकलं. कार्डं शेवटी आम्ही शेजारच्या गावातून साध्या टाइपात छापून घेतली. कुणी काही विचारलं नाही.

यंत्रावर कापड टाकलं तेव्हा तीन वाजले असतील. मागे कालव्यातून पर्यटकांची नाव गेली, पुलाखाली सगळ्यांना वाकायला सांगणारा नावाड्याचा आवाज आला. उजेड आईच्या जागेवर पडला होता, दाराजवळ. मी तिच्या बैठकीवर बसले आणि माझ्याजवळ उरलेली मुद्रितं ओळीने लावली. आत जाऊन बाबांकडचंही मागून आणलं. त्यांनी दिलं. एवढंच म्हणाले, "परत आण."

सगळी एकावर एक जुळवली, सर्वांत जुनं अक्षर वर, आणि चिमटीत धरून सोडत गेले, भराभर.

अक्षरं हलली, आणि या वेळी मला हात दिसला. कागदावर हात नव्हता. पण बोलणाऱ्याचा चेहरा न बघताही तो हसतोय हे जसं कळतं, तसा तो कळत होता. कुठे दाबला, कुठे हलका झाला, मनगट कुठे वळलं. तो चारही ओळी उतरून शेवटच्या अक्षरापर्यंत आला. शेवटचा फटकारा झाला.

आणि तो तिथे टेकून राहिला.

मी परत सुरुवातीपासून सोडली. हात आला, उतरला, शेवटाला टेकला. उचलला गेला नाही.

लहानपणी आईही असाच कुंचला टेकवून आजीला कसं आलंय विचारायची, तेव्हाचे आजीचे शब्द आईच सांगायची. उत्तराची वाट बघत बसलीस तर कागदाला ठिपका पडायचाच, हाच्चान.

मी सकाळपासून तो पुसत होते.

सगळी मुद्रितं बाजूला ठेवली आणि शेवटचं तेवढं समोर घेतलं. फिकट शाई झटकन वाळते. चारही ओळी केव्हाच वाळल्या होत्या, त्यावरून बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. ठिपका ओला होता. हाताला गार लागला. मी बघत असतानाच त्याची कड कागदाच्या धाग्यांमधून किंचित पुढे सरकली, आणि थोड्या वेळाने आणखी किंचित.

आतून बाबांनी विचारलं, "काय करतेस?"

"काही नाही."

"काढलंस ना आणखी?"

"हो."

"किती लहान आहे ती?" त्यांनी विचारलं.

मी कागद उजेडाकडे सरकवला.

कड आणखी सरकली. आता ती शेवटच्या अक्षराला टेकायला आली होती.

आई अशी हाक मारून उपयोग नव्हता. त्या हाताला अजून कुणाची आई व्हायचं होतं. माझं 'वाचता येतं' हे तोंडपाठ उत्तर त्याने कधी ऐकलेलं नव्हतं, त्यातला विनोद त्याला कळला नसता. मी कागदाजवळ वाकले, लहान मुलाच्या वहीवर वाकतात तशी.

"सुंदर आलंय, हाच्चान," मी म्हणाले. "फार सुंदर आलंय."

कड जागच्या जागी थांबली. आणि ठिपक्याच्या वरच्या अंगाला, कुंचला उचलताना उमटते तशी, केसाएवढी एक रेघ उमटली.